एका बॅचला फक्त चोवीस

पाच वाजायला दोन मिनिटं असताना चोविसावी खुर्ची भरली, आणि तो खडू हातात धरून नुसता बघतच राहिला. मग त्याने मागे कोपऱ्यात उभ्या असलेल्या बायकोकडे असं काही हसून पाहिलं, की तिला त्याच्या नजरेला नजर देववेना.

कारण ती चोवीसच्या चोवीस पोरं तिनेच गोळा केली होती. तिने आणि तिच्या धाकट्या भावाने. बारा स्वतःच्या बिल्डिंगमधली, बारा भावाच्या कॉलनीतली. महिनाभर क्लासची पत्रकं वाटून एकाही घरातून फोन आला नव्हता. रिकाम्या खुर्च्यांपुढे उभा राहिलेला नवरा तिला बघवला नसता.

"दुकान भरलेलं दिसलं की गिऱ्हाईक आत येतं, ताई," भाऊ म्हणाला होता. "खरी पोरं आली की आपली एकेक उठवायची. भावोजींना पत्तासुद्धा लागणार नाही."

आणि लागणार तरी कसा? कारखान्याच्या क्वालिटी विभागात सोळा वर्षं. सकाळी सातला बाहेर, रात्री नऊला घरात, रविवारी मेल्यासारखी झोप. बिल्डिंगमधली पोरं त्याने पाहिली होती कधी? समोरच्याच दारातली मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, आणि हा तिला विचारतोय, "कुठून आलीस बाळ? लांबून?"

"नाही सर," ती म्हणाली. पोरगी हुशार, पुढे काही बोलली नाही.

त्याच्या राजीनाम्याचा मेल मोठ्या साहेबांनी अजून अडवून ठेवला होता. "रविवारी सहापर्यंत सांग. एकदा वर गेला की माझ्या हातात काही नाही." दहा पोरं आली तर क्लास, नाहीतर मुकाट्याने कारखाना, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. आज पावणेसहाला त्याला बाजूला घ्यायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

त्याने शिकवायला सुरुवात केली, आणि तिला रडूच यायला लागलं. काय सुरेख शिकवत होता! कारखान्यातून बिघडलेल्या यंत्रासारखा घरी येणारा हाच का तो माणूस? एक मोठं गणित त्याने फळ्यावर असं सोडवलं, की उगाच येऊन बसलेली पोरंसुद्धा वह्या काढून उतरवून घ्यायला लागली.

पाच वीसला दारात एक बाई आली. हातात पत्रक, मागे संकोचलेली मुलगी.

"गणिताचा क्लास हाच ना? हिला फार अडतं हो."

बायको मागच्या रांगेवर वाकली. तिने शेजारच्या पोरीच्या दंडाला हात लावला. "ऊठ गं, पटकन."

"थांबा ना काकू, लिहून घेतेय," ती पोरगी मान वर न करता म्हणाली.

तोवर तो दारापाशी पोहोचलाही होता. "माफ करा ताई, बॅच भरली. पत्रकात छापलंय बघा, एका बॅचला फक्त चोवीस."

"उभी राहील ती मागे. एक दिवस..."

"अहो, घ्या ना," बायको मागून म्हणाली. "खुर्ची आणते मी खालून."

"अगं, नियम म्हणजे नियम. पंचविसावी घेतली की माझं लक्ष उडालंच म्हणून समज." सोळा वर्षं त्याने हेच केलं होतं, मोजमापात न बसणारं बाजूला काढायचं. "पुढच्या बॅचला पहिलं नाव तुमचं, ताई."

बाईने पत्रकाची घडी घातली. दोघी जिना उतरून गेल्या. दारात उभा असलेला भाऊ बहिणीकडे बघून खांदे उडवत राहिला.

तो फळ्याकडे परतला खरा, पण त्याचं गणितात मन लागेना. पाच-सात मिनिटांत त्याने खडू ठेवला. चेहरा नुसता फुलून आला होता.

"मुलांनो, एक मिनिट द्या मला. तुम्हीही ऐका, तुमच्यामुळेच झालंय." त्याने खिशातून फोन काढला. "साहेब, मी बोलतोय. सहापर्यंत कशाला थांबायचं? पाठवून द्या मेल... हो, हो, पक्कं... अहो, एकीला दारातून परत पाठवावं लागलं! विश्वास बसतोय तुमचा?"

"अहो, थांबा!" ती ओरडली, खुर्च्यांमधून वाट काढत पुढे धावली. पायात दप्तरं आली.

"पाठवला? लगेच?" तो हसला. फोन खिशात टाकून त्याने तिला जवळ ओढलं, चोवीस पोरांच्या देखत. सोळा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. "सुटलो गं. सुटलो!"

दारातल्या भावाला दुसरं काही सुचलं नाही. त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग पोरांनीही वाजवल्या.

तिने त्याचा हात सोडवला. "पाणी आणते," असं काहीतरी ती पुटपुटली आणि जिना उतरली. पायात चप्पल नाही, याचं भान तिला रस्त्यावर आल्यावर आलं.

डावीकडे बाजार, उजवीकडे बसथांबा. रविवारची संध्याकाळ, जिकडे बघावं तिकडे आया आणि मुली. कपडे कुठल्या रंगाचे होते त्या बाईचे? चष्मा होता का? काही म्हणजे काही आठवेना. थांब्यावर एक बाई मुलीला घेऊन उभी होती. ती धावत तिच्यापुढे गेली.

"तुम्हीच का हो त्या? आत्ता गणिताच्या क्लासला..."

बाईने तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मुलीचा हात घट्ट धरला आणि चालायला लागली.

"अहो, थांबा ना!" ती भर रस्त्यात ओरडली. "जागा आहे! चोवीस जागा आहेत!"