तोंडाच्या जागी दार

विद्यार्थिनीने टॅबवर काढलेलं चित्र चित्रकलेच्या बाईंनी उलटसुलट करून पाहिलं, तरी डोक्यात प्रकाश पडेना. फ्रिजमध्ये चपला, आरशावर चादर आणि मधोमध निळ्या चौकडीच्या शर्टातला एक माणूस, त्याच्या तोंडाच्या जागी बंद दार. शेवटी बाईंनी अर्थ ठरवूनच टाकला. चपला म्हणजे थांबलेला प्रवास, चादर म्हणजे हरवलेली ओळख, आणि माणूस म्हणजे अर्थातच समाज. तरी पोरीचं काही बिनसलंय की काय, म्हणून त्यांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं.

वडील स्क्रीनकडे बघून हसले. "अहो, हे आमचंच घर. चपला माझ्या आईच्या. तिला हल्ली काही आठवत नाही, काहीही कुठेही ठेवते. आरशातली बाई कोण म्हणून घाबरते, म्हणून लेकीने चादर टाकलीय. आजीचं सगळं तीच बघते."

बाई खजील झाल्या. आता समाजाचं बोलावं की गप्प बसावं, त्यांना कळेना.

"हा माणूस कोण, ते मात्र लक्षात येत नाहीये," म्हणत वडील स्क्रीनच्या आणखी जवळ सरकले.

बाई त्यांच्या अंगातल्या निळ्या चौकडीच्या शर्टाकडे बघत राहिल्या.