अल्माच्या खुणा

शेजारचा गिटन्स गल्ली सोडून गेला की मिस आयोनीचा फायदाच फायदा होता. समुद्रावरचा वारा थेट तिच्या खिडकीत येणार होता. दोघांच्या कुंपणावर वाकलेला नीरफणस अख्खा तिचा होणार होता. शिवाय हा म्हातारा रोज सकाळी आपल्या लाकडी घराला "अल्मा, उठलीस का गं? गुडघे काय म्हणतायत?" असं विचारायचा, ती कटकट कायमची संपणार होती. हा सगळा हिशेब ती कित्येक वर्षं खिडकीत बसून गल्लीला मोठ्याने ऐकवत आली होती.

आता जमीनमालकाने जागा मागितली. ब्रिजटाउनच्या त्या गल्लीत जमीन मालकाची आणि घर राहणाऱ्याचं, म्हणून घरं सुट्या दगडांवर नुसती टेकवलेली असत. जागा सोडायची म्हणजे घर सुटं करायचं, ट्रकवर घालायचं आणि मिळेल तिथे पुन्हा उभं करायचं. शुक्रवारी बॉइस सुतार अल्माला हात घालायला आला. आधी प्रत्येक फळीवर खडूने बाण, आकडे, फुल्या, मगच खिळे उपसायचे.

"दुखतंय का गं?" गिटन्स दर खिळ्याला विचारत होता.

"तिला नाही, मला दुखतंय. कंबरेत," बॉइस म्हणाला. "आणि हे बघ म्हाताऱ्या, या खुणांना हात लावायचा नाही. दर वादळानंतर तू हिला अशी ठिगळं लावलीयस, की एक फळी दुसरीसारखी नाही. खुणा गेल्या तर हिला उभी करायला मला देवालाच हाताखाली घ्यावं लागेल."

समोरच्या घरातली मर्लीन हे ऐकत उभी होती. तिची आई हॉटेलच्या धोबीखान्यात कामाला. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत पोरगी गिटन्सच्या दारात पडलेली असायची. अल्माच्या भिंतीला कान लावला की आतून उत्तर येतं, असं गिटन्स सांगे. मर्लीनला ते ऐकूही यायचं. बॉइसच्या बोलण्यातून तिने हवं तेवढंच उचललं. खुणा गेल्या तर अल्मा जाणार नाही, आणि अल्मा नाही गेली तर गिटन्स कुठे जातोय?

संध्याकाळी गिटन्स बॉइसबरोबर रमच्या गुत्त्यावर गेला. मर्लीन फडकं घेऊन फळ्यांच्या थप्पीला भिडली.

"ए पोरी!"

मर्लीन जागीच थिजली. खिडकीत मिस आयोनी होती.

"दिसतंय मला काय चाललंय ते." बाई खिडकीतून आत गेली. मग बादली घेऊन बाहेर आली आणि थप्पीशी दाणकन ठेवली. "कोरड्या फडक्याने नुसता खडू फासतेयस, बये. ओलं कर. आणि पाठच्या बाजूलाही बघ, त्या शहाण्याने तिथेही लिहिलंय."

एवढं बोलून ती आत गेली आणि तिने खिडकी लावून घेतली.

शनिवारी ट्रक आला. फळ्या चढवायला गल्लीतले गडी आले. त्यांच्यासाठी मक्याच्या पिठाचा कुकू आणि तळलेले मासे घेऊन बायकाही आल्या. बॉइसने पहिली फळी उचलली, उलटी केली, सुलटी केली. मग दुसरी.

"खुणा कुठे गेल्या?"

"पावसानं गेल्या असतील," एक गडी म्हणाला.

"कुठला पाऊस?"

"मग दव."

"दव फळीच्या पोटाखाली शिरतं होय रे, गाढवा?"

"अल्मानेच पुसल्या," गिटन्स म्हणाला.

गडी नेहमीसारखे हसले. गिटन्स हसला नाही. त्याने वरच्या फळीवर तळहात ठेवला आणि हळूच विचारलं, "यायचं नाहीये का तुला?"

मर्लीनने मिस आयोनीकडे पाहिलं. माशांची परात धरून ती कुंपणाशी उभी होती आणि मर्लीनकडेच बघत होती. खुणा कुणी पुसल्या, एवढं सांगायचं एका वाक्याचं काम होतं, आणि ते दोघींपैकी कुणीही केलं असतं तरी भागलं असतं. मर्लीनला फार तर मार पडला असता. मिस आयोनीला सगळ्या गल्लीदेखत कबूल करावं लागलं असतं, की हा बडबड्या तिला शेजारी हवा होता. दोघी एकमेकींची वाट बघत राहिल्या.

"मी लावतो रे काहीतरी," बॉइस म्हणाला. "आठ दिवस जातील, दार जरा वाकडं बसेल, पण उभी करतो तुझ्या बायडीला. चला, चढवा!"

"नको."

"नको म्हणजे?"

"चाळीस वर्षं मीच बोलत आलो. ती आज पहिल्यांदा बोललीय. आता तिचंही ऐकू नको?"

"अरे, लाकूड आहे ते, गिटन्स! लाकूड!"

"असू दे. भाचीकडे राहीन मी, तिथे सोडा."

परात वाजली. मिस आयोनीने तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "मासे निवतायत. खाऊन घ्या."

दुपारपर्यंत सगळ्यांचं मार्गी लागलं. मालकाला मोकळी जागा मिळाली, गड्यांना जेवण मिळालं. मर्लीनला मार पडला नाही, मिस आयोनीला मान खाली घालावी लागली नाही. दोघींच्या वाट्याचा होता तेवढा सगळा दोष गटाराकडेला पडलेल्या अल्माच्या नावावर गेला. ट्रकवर एक खाट चढली, एक किटली चढली आणि म्हातारा चढला. तो फळ्यांकडे पाठ करून बसला. ट्रक गल्लीच्या टोकाला वळला तरी त्याने मान फिरवली नाही. अल्माशी एक शब्दही न बोलता बाहेर पडताना मर्लीनने त्याला कधी पाहिलं नव्हतं.