उरलेले दोन किलो

चिखलदऱ्याच्या डोंगर-शर्यतीआधी बाकीचे तपासनीस अख्खी सायकल काट्याला लटकवून मोकळे व्हायचे. वत्सलाताई ढोके मात्र सायकल खोलून एकेक भाग वेगळा तोलायच्या. त्यांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता.

आज त्यांच्या कपाळाला आठी पडली. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्या परागची फ्रेम, फोर्क, चाकं, गियर सगळं मिळून नऊ किलो भरलं. जोडलेली सायकल मात्र सातच किलो.

"नवा धातू आहे, जोडला की हलका होतो," पराग हसत म्हणाला. "नियमात बसतं, ताई."

"वजन असं हवेत विरत नाही. उरलेले दोन किलो गेले कुठं?"

परागचं हसू मावळलं. त्याची नजर नकळत शेजारच्या सायकलीकडे गेली. ती त्याच्या धाकट्या भावाची, दरवर्षी शेवटच्या येणाऱ्या समीरची होती. ताईंनी तीही खोलून तोलली. सुटे भाग नऊ किलो, जोडल्यावर अकरा.

त्यांनी समीरला हाक मारली. "ही फ्रेम कुठली रे?"

"दादानं वाढदिवसाला दिली," समीर कौतुकानं म्हणाला. "दोघांची जोडीच आहे. पण मला चढ झेपतच नाही, ताई. माझाच दम कमी पडतो."