उन्हाची गोळी

"ड जीवनसत्त्व फारच कमी आहे," रिपोर्ट बघून मंचरचे डॉक्टर म्हणाले. "हाडं त्यानंच दुखतात. रोज अकराच्या सुमाराला अर्धा तास तरी उन्हात फिरत जा."

आरतीला हसू आवरेना. निरगुडसरला सासरची पंधरा एकर बागाईत होती, पण सुनेनं बाहेर दिसायचं नाही हा घरचा नियम. कपडे वाळत घालायलाही बाई होती. आता खुद्द डॉक्टरच सांगत होते! मनातल्या मनात ती विहिरीपर्यंत जाऊनही आली.

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी पदर सारखा केला. "डॉक्टर, आमच्या घरात सुना अशा हिंडत न्हाईत. त्यापरीस गोळी लिवून द्या."

डॉक्टरांनी लिहून दिली.

घरी आल्यावर आरती पाकीट हातात धरून तशीच उभी राहिली. सासूबाईंनी आपलं कपाट उघडलं. वरच्या फळीवर त्याच नावाचं, निम्मं संपलेलं एक पाकीट होतं.

"हितंच ठिव, माझ्या गोळ्यांपाशी," त्या हळूच म्हणाल्या. "सवय व्हईल गं. मला बारा वर्षं झाली."