कोरडा पाषाण

धाकू गुरवाने जास्वंदीच्या दोन पाकळ्या देवाच्या पाषाणावर लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "उजवी पडली तर गाव सोडतो, डावी पडली तर राहतो. तूच काय तो निवाडा कर."

त्याचे हात जोडून होईपर्यंत दोन्ही पाकळ्या खाली आल्या.

पूर्वी त्या तास तास टिकायच्या. देवराईच्या गर्द सावलीत हा पाषाण भर उन्हाळ्यातही घामेजलेला असायचा. पंधरा वर्षांपूर्वी राईच्या जागी हवा धुणारे मनोरे आले. एक मनोरा हजार झाडांचं काम करतो, असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. हवा आजही स्वच्छ होती. फक्त झरा आटला, मग विहिरी आटल्या, मग एकेक घर रिकामं झालं.

राई तोडायचा कौलही धाकूनेच लावला होता. मनोऱ्यांवर पोरांना नोकऱ्या मिळणार होत्या. उजवी पाकळी पडेना, तेव्हा त्याने तिला अंगठ्याने हळूच ढकललं होतं.

त्याने पाकळ्या उचलल्या. सुनेने भांड्यांच्या पाण्यावर जगवलेलं ते गावातलं शेवटचं फूल. देवाला उष्टं चालत नाही, तरी पाकळ्या जिभेने ओल्या करून त्याने पुन्हा लावल्या. मनोऱ्यांचा वारा लागताच त्या सुकल्या आणि गळल्या.

"तात्या, कुठली पडली?" मागून सरपंचबाईंनी विचारलं.

"दोन्ही."

"मग देव म्हणतो काय?"

धाकूने पाषाणावरून हात फिरवला.

"काही नाही म्हणत, बाई. तो आपल्याआधीच गेला."