फोन नीट धरा

"चेहरा दिसत नाहीये, सिस्टर. फोन नीट धरा."

श्रद्धाने मोबाइल पुतळाबाईंच्या तोंडासमोर धरला. मोरिवलीतला पालिकेचा दवाखाना एका खासगी कंपनीने चालवायला घेतल्यापासून डॉक्टर मोबाइलवरच भेटत. आज पडद्यावर एक तरुण डॉक्टर होता. त्याला बघून सत्तरीच्या पुतळाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आडवी झाले का दम कोंडतो, डाक्टर. दोन दिस बसूनच हाय."

"जेवल्यावर जळजळ होते?"

"थोडी व्हते."

"अ‍ॅसिडिटी आहे. गोळ्या लिहिल्यात. नेक्स्ट."

श्रद्धाचं लक्ष म्हातारीच्या पायांकडे गेलं. जोडवी मांसात रुतली होती. तिने वाकून घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला, तरी खड्डा तसाच राहिला.

"सर, पायांना सूज आहे. हार्टचं असेल."

"सिस्टर, डायग्नोसिस मी करतो. तुम्ही फोन धरा."

आपलं मत द्यायचं नाही, हे तिला नोकरीवर घेतानाच बजावलं होतं. कंपनीच्याच कात्रपच्या दवाखान्यातली नर्स कीर्ती एवढ्यावरूनच नोकरी जाऊन घरी बसली होती.

श्रद्धाने फोन टेबलावर उभा करून ठेवला. बाकावरच्यांना थांबायला सांगितलं, पुतळाबाईंच्या काखेत हात घातला आणि बाहेर येऊन रिक्षा थांबवली.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी पाय दाबून पाहिला, मग छाती तपासली आणि ऑक्सिजन लावायला सांगितलं.

"फुप्फुसात पाणी आहे. कोणी पाठवलं यांना?"

"कोणी नाही. मीच आणलं."

संध्याकाळपर्यंत पुतळाबाईंची धाप कमी झाली. त्यांचा मुलगा कल्पेश फॅक्टरीतून थेट आला आणि औषधं आणायला खाली गेला. श्रद्धाने पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला. सुपरवायझरचा मेसेज होता : उद्यापासून येऊ नका, आयकार्ड जमा करा. तिने तो दोनदा वाचला.

पुतळाबाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"काय झाला ग बाय?"

"काही नाही, आजी. टेकून बसा."

म्हातारीने मास्क हातातच धरून ठेवला.

"त्या डाक्टरला सांगून तरी यायचा व्हता," ती म्हणाली. "बिचारा वाट बघत असल, तिथं फोनात."