तोबिताचं दार

“मी नसताना तिला एकटीला रडू देऊ नका, बाबा,” बोटीवरच्या नोकरीला निघताना मुलगा बायकोबद्दल बजावून गेला होता.

“ती कसली रडतेय? मलाच रडवेल,” असं म्हणून सासरे हसले होते. पण शब्द दिला होता.

तांब्याच्या पत्र्यांवरून चित्रं छापण्यात त्यांचा जन्म गेला. डोळे गेले तेव्हा बाकीचे पत्रे त्यांनी देऊन टाकले, एकच ठेवला. कुणा जुन्या उस्तादाने कोरलेला, बायबलातल्या आंधळ्या तोबिताचा. त्याचा घरात उरलेला कागदावरचा एकुलता एक छाप मुलाने सोबत नेला. हा घरी येईल तो माझ्याबरोबरच, म्हणाला.

तेव्हापासून सुनेने नेम धरला होता. संध्याकाळी पत्रा मांडीवर घ्यायचा आणि सासऱ्यांना चित्र सांगायचं. पत्र्यावर सगळं उलट कोरलेलं असतं, कागदावर उतरलं की सुलट होतं. सून त्या भानगडीत पडत नसे. समोर दिसेल तसं सांगे.

आज दुपारी दारात कुणाचा तरी आवाज आला होता. सासऱ्यांनी विचारलं, तर पत्ता चुकलेला माणूस होता, म्हणाली. संध्याकाळी जरा उशिराच येऊन बसली.

“म्हातारा उठलाय. लेकाची चाहूल लागलीय त्याला. कुत्रं पायात घोटाळतंय, स्टूल कलंडलंय.”

“आणि दार?”

“उजवीकडे. पण हात भिंतीवरच पडलाय त्याचा. सगळा जन्म त्या घरात गेला ना, बाबा? मग दार कसं चुकलं?”

हे ती पूर्वीही विचारायची. लेक आला म्हटल्यावर पायांना कुठलं भान, असं त्यांचं ठरलेलं उत्तर असे. आज त्यांनी नुसता तिच्या आवाजाकडे चेहरा वळवला.

चहा टाकते, असं पुटपुटत ती आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ तो बंद होईना.

सासरे सावकाश उठले. दिलेला शब्द पाळायचा होता. स्वयंपाकघराची वाट पायाखालची, तरी हात भिंतीवर पडला. भिंत चाचपत ते नळाच्या आवाजाच्या दिशेने सरकू लागले.

पत्र्यावरचं दार डावीकडे होतं. उजवीकडे होतं ते मुलाने सोबत नेलेल्या छापावरचं.